चौकटीचं तबक

कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवार

माळ्यावर रिकामी शिसवी चौकट सापडली. काचेखाली जरीचा खण लावून, दोन्ही बाजूंना पितळी कड्या ठोकून मी तिचं पानसुपारीचं तबक केलं. संध्याकाळी विडे मांडून ह्यांच्यापुढे धरलं, तर हात पुढे होईना.

"ही तिच्या तसबिरीची चौकट," एवढंच बोलले.

तिची म्हणजे बाळंतपणात गेलेल्या ह्यांच्या पहिल्या बायकोची. तिच्या तसबिरीचं मला कुणी सांगितलं कसं नाही? की मीच कधी विचारलं नाही?

"तसबीर कुठे आहे?"

"ट्रंकेत. तुला वाईट वाटेल म्हणून लग्नाआधीच काढून ठेवली."

मी कड्या उपटल्या, तसबीर परत बसवली. कड्यांची भोकं मात्र राहिली. ती बुजवायची कशी?

तसबिरीत किती लहान दिसते ती. माझ्याहूनही लहान.