दांडा माझ्या हातात होता

मी, लुडविका सावचुक, वय सदुसष्ट, राहणार ओल्शानी, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. मूल-बाळ नाही, नवरा हेन्रिक आधीच गेला, तेव्हा कोणाची समजूत घालण्याचं कारण नाही.

१. राहतं घर, कोठार आणि बँकेतली शिल्लक दानुताला मिळावी. ती झेनॉन कोझुबची भाची. शाळेत तिला 'खुन्याची भाची' म्हणत. म्हणणाऱ्यांना कोणी अडवलं नाही, मीही नाही.

२. शिलाई मशीन चर्चमधल्या बायकांना द्यावं. शेजारी काझिमिएझ याला काही नाही. कुंपण दोन हात पुढे सरकवून त्याने आपला वाटा आधीच घेतला आहे.

३. तळ्याच्या वळणावरचं शेत ~~स्तासिया हालिसला~~ दानुताला मिळावं. (खोडलेलं मीच खोडलं आहे. कारण शेवटी.)

४. आता जे पंचेचाळीस वर्षं लिहायचं राहिलं ते.

फेब्रुवारी १९७९. ईस्टरच्या मोठ्या उपासाआधीचा शेवटचा शनिवार. माझं लग्न रोमान हालिसशी ठरलं होतं. त्याने कोठाराचं जुनं दार आणि लोखंडी खाटेचे पाय जोडून घसरगाडी केली आणि ती झेनॉनच्या ट्रॅक्टरला दोराने बांधली. मागे रोमान आणि त्याची सोळा वर्षांची बहीण स्तासिया. मी झेनॉनच्या शेजारी मडगार्डवर. बर्फ उडून तोंडात जात होता आणि हसून हसून माझं पोट दुखत होतं.

रोमान मागून ओरडला, "झेनॉन, ट्रॅक्टर हाकतोयस की म्हातारी गाय?"

झेनॉन म्हणाला, "पुढे वळण आहे. जरा दम धर म्हणावं त्याला."

मी दम धरला नाही. गॅसचा, म्हणजे वेग वाढवायचा दांडा मी खाली ओढला, पुरता. झेनॉनने तो परत वर ढकलला तोवर घसरगाडी वळणावर बाहेर फेकली गेली होती. स्तासिया बर्फात पडली, तिचं मनगट मोडलं. रोमान वाळुंजाच्या झाडावर आदळला. मी पोचले तेव्हा त्याची टोपी डोक्यावर तशीच होती आणि तो श्वास घेत नव्हता.

माणसं धावत येत होती. झेनॉनने माझे दोन्ही हात धरले. "तुझा हात दांड्याला लागलाच नाही. ऐकलंस? रोमानच्या आईला सून म्हणायला तू तरी उरायला हवीस."

कोर्टात स्तासियाने पाहिलं तेवढं सांगितलं: ट्रॅक्टर झेनॉन चालवत होता आणि वळणावर वेग वाढला. मला विचारलं तेव्हा मी रडले. रडणाऱ्या मुलीला पुढे कोणी विचारत नाही. झेनॉनला दोन वर्षांची शिक्षा झाली. परत आल्यावर त्याला मुलगी कोणी दिली नाही. मी त्याला पाहून रस्ता बदलत असे.

एकदा दुकानात मी त्याला म्हटलं, "मी सांगून टाकते."

तो म्हणाला, "सांगून रोमान उठणार आहे का? त्याची आई माझ्यावरच्या रागावर जगते. जगू दे."

ती २००३ साली वारली. त्यानंतर माझ्याकडे सबब उरली नव्हती, तरी मी गप्प राहिले. गेल्या नोव्हेंबरात झेनॉन गेला. त्याच्या मातीला सात माणसं होती. तिथेही माझं तोंड उघडलं नाही.

५. हे मृत्युपत्र गावाच्या सभागृहात मोठ्याने वाचावं, चौथं कलम दोनदा. वाचेपर्यंत मला पुरू नये.

पुरवणी. काल हा कागद मी स्तासियाला नेऊन दिला. तिने उभ्यानेच वाचला. तेव्हा मोडलेलं मनगट ती बराच वेळ चोळत राहिली. मग म्हणाली, "तिसऱ्या कलमातलं माझं नाव काढ."

"शेत नको तुला?"

"ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. ह्याच्यावर सही मला करायचीय." दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "माफ केलं असं समजू नकोस, लुडविका."

तसं मी समजलेले नाही.

लिहून देणार: लुडविका सावचुक

साक्षीदार:
१. एडमुंड विर्स्की, निवृत्त पोस्टमन
२. स्तासिया हालिस, रोमानची बहीण

ओल्शानी, १२ फेब्रुवारी २०२४