आष्ट्याच्या बनुबाईंचं घर, संस्थेच्या नावे

मी, बनुबाई आकाराम शिंगटे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मसाला कांडप, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे दुखतात, पण डोकं शाबूत आहे.

माझे यजमान फौजेत होते. ते वारल्यावर आम्ही गल्लीतल्या बायकांनी सहकारी संस्था काढून कांडप यंत्र घेतलं आणि ते माझे दीर हरिबा यांच्या शेडमध्ये बसवलं. धंदा चालू लागताच भाऊजींनी शेडला कुलूप घातलं आणि यंत्र आपलंच म्हणू लागले. विचारायला गेलो तर म्हणाले, "संस्था म्हंजे कोण? आणा की तिला माझ्यापुढं."

आम्ही संस्थेच्या नावाने दावा लावला. निकाल असा लागला की नोंदलेली संस्था कायद्याने व्यक्ती आहे, तिला मालकी असते, आणि यंत्र तिचंच आहे. बायका हसत बाहेर आल्या. मी मात्र आमच्या वकील श्रद्धाताई चौगुले यांना विचारलं, मग मी कोण? तोवर कागदावर मी कुणाची तरी मुलगी, बायको नाहीतर विधवा होते.

"तुम्ही जन्मापासूनच व्यक्ती आहात, बनुबाई."

"मला कुणी सांगितलं न्हाई," मी म्हटलं.

त्यानंतर यजमानांच्या जमिनीतला हिस्सा मी मागून घेतला. घर स्वकमाईने बांधलं.

कलम एक. जमीन मुलगी क्रांती हिला. जावई चांगले आहेत, तरी सातबाऱ्यावर नाव तिचंच राहावं.

कलम दोन. घर संस्थेला. यंत्र तिथे आणलं तर दुपारी बंद ठेवावं, शेजारी झोपतात.

कलम तीन. बोरमाळ नात अंकिता हिला. मोडून नव्या फॅशनचं काही करायचं असेल तर माझ्या माघारी करावं.

कलम चार. भाऊजींची सून समीक्षा आता संस्थेची अध्यक्ष आहे, आणि भाऊजी रोज तिथे चहाला येतात. आपल्याला काय ठेवलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, असं श्रद्धाताई म्हणाल्या. म्हणून मी भाऊजींनाच साक्षीला बोलावलं. त्यांनी इथवरचं सगळं वाचलं, कुलपाच्या ओळीवर जरा थांबले, मग सहीला पेन मागितलं. ती ओळ खोडू का, असं मी विचारलं.

"राहू द्या वैनी," म्हणाले, "खरं हाय ते."

ठिकाण आष्टा, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: बनुबाई आकाराम शिंगटे

आमच्यासमोर सही केली:
१. हरिबा गुंडा शिंगटे
२. भरतेश बाहुबली मगदूम