विमान उतरताना कोणी बोलायचे

मी, येरेमिया सेबुलिबा, वय त्रेपन्न, राहणार लुकाया, मसाका रस्ता; धंदा व्हीजे, म्हणजे परदेशी सिनेमा पडद्यावर चालू असताना हातात माइक धरून तो आमच्या लुगांडा भाषेत सांगणारा; आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय आणि दारूचा थेंब न घेता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. मसाक्याचे डॉक्टर म्हणतात, तुमचे हृदय आकाराने वाढले आहे. मोठ्या मनाचा म्हणून मला आजवर कोणी ओळखले नाही, तेव्हा ही वाढ कुठून आली ते त्यांनाच ठाऊक. मी फार शिकलेलो नाही. इंग्रजीसुद्धा पडद्यासमोर बसून शिकलो. या पत्रात कायद्याची चूक सापडेल, तपशिलाची सापडणार नाही.

१. वाचनाबद्दल. आपल्याकडे मृत्युपत्र दफनानंतर, मंडळी पांगण्याआधी मोठ्याने वाचतात. माझे पत्र चर्चमधल्या शिक्षकांनी वाचू नये. ते देवाचे वचनसुद्धा बाजारकराच्या नोटिशीसारखे वाचतात. माझा मुलगा कायोंडो याने वाचू नये; तो आधी शेवटचे पान बघतो. माझ्यामागे लुकायात आवाज म्हणावा असा एकच उरतो, आणि तो दुर्दैवाने रस्त्यापलीकडच्या हॉलचा व्हीजे मुत्याबा याचा आहे. म्हणून हे पत्र मुत्याबानेच वाचावे. लिहिले आहे तसे वाचावे, पदरचे घालू नये. (मुत्याबा, लोक तुझ्याकडे बघत आहेत. खाकरू नकोस. पुढे वाच.)

२. राहते घर आणि मागची केळीची बाग माझी पत्नी तेओपिस्टा हिला. तिच्या हयातीत तिला कोणी तिथून हलवू नये. तिने माझे पुष्कळ सोसले आहे. मीही तिचे एक सोसले आहे, ते कलम चारमध्ये येईल.

३. मोटारसायकल कायोंडोला. माझा सिनेमाचा हॉल त्याला नाही. कारण सांगतो. गेल्या ईस्टरला तो म्हणाला, "ताता, सिनेमा आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. बाकडी काढून टाकू, मॅचवर पैजा लावायची खिडकी उघडू. रांग लागेल बघा."

मी म्हणालो, "रांग दवाखान्यातही लागते."

"तुम्हाला बोलण्यात कोण हरवणार?" म्हणाला आणि गेला. मुलगा वाईट नाही. पण त्याला अंधारात बसलेली माणसे दिसत नाहीत, नुसती जागा दिसते.

४. 'विमान' या सिनेमाबद्दल. तबकडीच्या वेष्टनावरचे नाव फाटले होते, म्हणून आम्ही त्याला 'विमान'च म्हणतो. माझ्या हॉलचे नाव या एका सिनेमावर झाले. मी त्याचा आंधळा भक्त नाही. त्याचे दोष मला जेवढे माहीत आहेत तेवढे तो काढणाऱ्यालाही नसतील. बाहेरून विमानाला चार इंजिने दिसतात, आत वैमानिकापुढे दोनाचेच दांडे आहेत. सूर्य मावळताना उडालेले विमान पुढच्या प्रसंगात भर दुपारी ढगांतून जाते. नायक माजी सैनिक आहे, बायको गेल्यापासून त्याने विमानात पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतली आहे, आणि नेमका त्याच दिवशी चढतो. एक नन, एक गरोदर बाई, बाहुलीवाली एक मुलगी. या तिघींशिवाय त्या देशात विमान सुटतच नसावे. वैमानिक मासे खाऊन आडवा होतो. दरोडेखोर गोळी घालायची सोडून भाषण ठोकतो. भाषण लांबले की पुढच्या बाकावरून कोणीतरी ओरडतेच, "अरे बाबा, मार तरी, नाहीतर निवडणुकीला उभा राहा!"

आणि तरीही. चाके अडकली आहेत, शहराचे दिवे खाली दिसताहेत. विमान उतरणार हे पोराटोरांना पाठ आहे, तरी सगळे बाकाची कड धरून बसतात. ज्या सिनेमात पुढे काय होईल ते कळत नाही, तिथे प्रेक्षक डोक्याने बघतो. इथे पोटाने बघतो. साचा पक्का असल्यामुळे व्हीजेलाही हात मोकळे मिळतात. माझी नन काटवेच्या बाजारातल्या बाईसारखी भांडते, माझ्या नायकाची बायको मसाका रस्त्यावरच्या अपघातात गेलेली आहे. हे सगळे मी रचले. मुत्याबाने त्यातली नन जशीच्या तशी उचलली. (हे जोरात वाच.)

पण उतरण्याचा प्रसंग त्याने माझ्याकडून घेतला नाही. त्या प्रसंगात पडद्यावर कोणीही बोलत नाही, आणि ती मला सिनेमाची सगळ्यात मोठी खोट वाटे. मी ती भरून काढी: प्रार्थना, इंजिनांचा हिशेब, नायकाच्या मनातले विचार, खाली लुकायातल्या कोंबडीवाल्यांचा आरडाओरडा. लोक हसत, टाळ्या देत. मग कानावर आले की पलीकडे लोक रडतात.

मी टोपी ओढून गेलो. मागे उभा राहिलो. विमान खाली येऊ लागले आणि मुत्याबाने माइक मांडीवर ठेवला. एक शब्द नाही. नुसता वारा आणि पत्र्याचा थरथराट. दुसऱ्या बाकावर एक बाई पदरात शेंगदाणे तसेच धरून डोळे पुसत होती. ती माझी तेओपिस्टा होती.

घरी आल्यावर मी विचारले, "तिकडे असं काय आहे जे इकडे नाही?"

ती म्हणाली, "तिकडे विमान उतरतं, कायोंडोचे ताता. तुमच्याकडे तुम्ही उतरता."

तिने तिसऱ्या माणसासाठी मला सोडले असते तर मी समजू शकलो असतो. ती सोडून गेली नाही. घरी येऊन माझ्यासाठी मातोकेची कच्ची केळी वाफवायला बसली. मी त्या रात्री जेवलो नाही. पुढच्या खेळाला मीही गप्प बसून पाहिले. मागून आवाज आला, "येरेमिया, वीज गेली का रे?"

५. मुत्याबाला माझा डावीकडचा स्पीकर द्यावा, जो सारखा घरघरतो. कोणत्याही मेकॅनिकला त्याची घरघर थांबवता आलेली नाही. तो त्याने आपल्या हॉलमध्ये लावावा, म्हणजे विमान उतरताना त्याच्या शांततेत मी थोडासा असेन. (हसलास तरी चालेल. ही जागा मी तुझ्यासाठीच ठेवली होती.)

६. हॉल, बाकडी, प्रोजेक्टर, जनरेटर, उजवीकडचा स्पीकर, माइक आणि 'विमान'ची तबकडी माझी मुलगी नाबुकीरा हिला. आमच्या घरात धंदा मुलीला जात नाही हे मला माहीत आहे. भावकीने ते मला कबरीवर सांगू नये. ती वर्षभर मुत्याबाकडे शिकायला जात होती. मी आडवा आलो तेव्हा म्हणाली, "ताता, तुम्ही मला तिकिटं फाडायला बसवता. ते दुपारच्या खेळाला माइक देतात."

हे मला बायकोच्या शेंगदाण्यांपेक्षा जास्त लागले. अजून लागते. म्हणून अट घालतो: हॉलच्या पाटीवर तिचे एकटीचे नाव असावे. अमक्याची मुलगी नको, तमक्याची शिष्या तर नकोच. वर्षभरात पाटी लागली नाही तर हॉल कायोंडोकडे जाईल आणि पैजांची खिडकी उघडेल. नाबुकीरा, मी धमकी देतो आहे, आणि ती खरी आहे.

७. माझ्या उत्तरकार्याच्या दिवशी हॉलमध्ये 'विमान' लावावे. नाबुकीराने सांगावे. मुत्याबाने पुढच्या बाकावर बसावे, हातात माइक नसावा. विमान खाली येऊ लागले की तिने बोलावे की गप्प बसावे हे मी सांगणार नाही. बोलली तर त्याला लागेल, गप्प बसली तर मला. तिला आमच्या दोघांनाही न सुचलेले काही सुचले, तर तेओपिस्टाने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघून माझ्या कबरीवर येऊन सांगावे.

८. यापूर्वी मी रागाच्या भरात जे जे तोंडी वाटप केले ते रद्द समजावे. आता एवढेच राहिले आहे. मुत्याबा, ही ओळ संपली की लगेच साक्षीदारांची नावे वाचू नकोस. कागद मांडीवर ठेव. पलीकडे ठेवतोस तसा. लोकांना रस्त्यावरचे ट्रक ऐकू येऊ देत, केळीची पाने ऐकू येऊ देत. तेओपिस्टाला हवा तेवढा वेळ दे. हे तुला माझ्यापेक्षा चांगले येते, आणि ते तुझ्याच तोंडून वदवून घेण्यासाठी मला मरावे लागले.

सही: येरेमिया सेबुलिबा

साक्षीदार, ज्यांना या पत्रातून काहीही मिळत नाही:
बोनिफेस काटो, कोंबडीविक्रेता, लुकाया (सही)
इडा नामुळोंडो, शिंपीण, लुकाया (अंगठा)

स्थळ: लुकाया. दिनांक ९ ऑगस्ट २०१४.