सोळाव्या होलचा चेंडू

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार (कागदावरच, कमरेला पट्टा आहे, प्रत्यक्षात एवढी अंगं टेकत नाहीत). तुमचा गुडघा आणि मामीचा राग कसा आहे? उतार पडला असल्यास कळवावे. इकडे सर्व क्षेम, म्हणजे आई ठणठणीत आहे आणि माझं करिअर अंथरुणाला खिळलं आहे.

मी पोटापाण्यासाठी नेमकं काय करते, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. गोल्फ खेळते, म्हणजे गवतावरचा चेंडू काठीने मारते, तो जिथे गेला तिथे चालत जाते, आणि असं चार दिवस करते. वर्षअखेरीस ज्या बायकांची कामगिरी बरी, त्यांची पुढच्या वर्षीची जागा पक्की होते. बाकीच्यांनी पुन्हा पात्रता स्पर्धेपासून सुरुवात करायची. यंदा माझी जागा शेवटच्या स्पर्धेवर येऊन ठेपली होती, आणि आई बघायला आली होती.

आईला या खेळाचा एकच नियम ठाऊक आहे आणि तो मीच शिकवलाय: चेंडूला हात लावला की दंड. सोळाव्या होलला माझा फटका वाकडा गेला आणि चेंडू उंच गवतात शिरला. आई त्याच बाजूला उभी. लेकीला एवढ्या गचपणातून मारावं लागणार हे तिला बघवेना, म्हणून तिने चेंडू उचलला, रुमालाने पुसला आणि जरा बऱ्या गवतावर ठेवायला निघाली. तेवढ्यात समोरून पंच आले. दंड लेकीला बसेल या धास्तीने तिने चेंडू चष्म्याच्या डबीत घातला, डबी पर्समध्ये, आणि आमच्याबरोबर शोधायला लागली. मामा, इतक्या मनापासून दुसरं कोणीच शोधत नव्हतं. माझी बॅग उचलणारा कॅडी शेवटी म्हणाला, "काकू, बसा आता, दमाल." शोधायला तीन मिनिटं मिळतात. ती संपली, दंड भरून मी मागे जाऊन दुसरा चेंडू मारला, आणि माझी जागा एका फटक्याने गेली.

परतताना गाडीत आईने तो चेंडू माझ्या हातात ठेवला. "घे. कुणाला कळलं नाही," म्हणाली. प्रेक्षकाने चेंडू उचलला तर खेळाडूला दंड नसतो, नुसतं सांगितलं की तो जागच्या जागी ठेवून मिळतो, हे मी तिला सांगितलं. तिने चष्म्याची रिकामी डबी पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "हे आधी सांगायचंस ना." यात तिचं काही चुकलं असं मला म्हणता येईना, त्याचाच मला जास्त राग आला.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना जे चालेल ते.

तुमची भाची

ता. क. : पात्रता स्पर्धा पुढच्या गुरुवारी सुरू होते. तेवढा आठवडा आईला तुमच्याकडे बोलवून घ्या. कारण काहीही सांगा, हवं तर आजारी पडा.

ता. क. २ : मी तिच्याकडे सहज विषय काढून पाहिला. "बरंच झालं, माझ्यामुळे तुझं नुकसान नको," म्हणाली आणि बॅग भरायला बसली.

ता. क. ३ : तेव्हापासून माझा एकही फटका सरळ जात नाहीये. एवढं चालायचं तर कडेने आई चालत असलेली मला लागते, त्याला इलाज नाही. तरी बोलवा, तिचा मान राहील. पण तुम्ही दोघं भावंडं एका छपराखाली दोन दिवसांच्या वर टिकत नाही, तेव्हा एवढी कृपा करा, बुधवारच्या आत कडाकडा भांडून तिला परत पाठवा. विषय सुचला नाही तर आजोबांचं घड्याळ कुणी नेलं ते विचारा.