तळ्यातल्या लाल खुणेखालचे पाणी

मी, त्रिविक्रम नरहर साठ्ये, वय वर्षे सत्तावन्न, धंदा स्कीच्या उतारांवर यंत्राने बर्फ पाडणे, शिवाय खिंडीच्या साप्ताहिकाचा बिनपगारी वार्ताहर, राहणार हेरन खिंड, सिएरा नेवाडा, हे मृत्युपत्र कोणी न सांगता आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल ज्याला शंका असेल त्याने आधी एवढे सांगावे, की स्की-केंद्राच्या वाळवणाच्या खोलीतून गेली सात वर्षे माझा फक्त डावाच हातमोजा का नाहीसा होतो. मी तीनदा लेखी तक्रार केली. व्यवस्थापनाने दोनदा माझ्या भाषेचे कौतुक केले.

१. मागे उरलेले अकरा उजवे हातमोजे मी लिफ्टचा मेकॅनिक ऑर्व्हिल टॅकेट याला देतो. त्याचा उजवा हात तरुणपणीच लिफ्टच्या चाकात गेला, त्यामुळे त्याला ते काडीच्या उपयोगाचे नाहीत. डावे कोण नेतो हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, हे त्याला यावरून कळावे.

२. वडिलांच्या संस्कृत पोथ्या गस्तपथकाची प्रमुख लुपे अरियागा हिला द्याव्यात. तिने एकदा विचारले होते, यात आगीबद्दल काही आहे का. मी म्हणालो, सुरुवातच आगीपासून आहे. "विझवायची?" नाही, बोलवायची. "मग तुझ्या लोकांना सांग, आता पुरे. आली ती."

३. पंपघराची किल्लीही लुपेलाच. किल्लीबरोबर एक काम येते, ते का हे कळण्यासाठी तीन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर सांगावा लागेल.

वणवा पश्चिमेच्या कड्यावरून उतरत होता. गाव रिकामे केले होते, मागे मी, लुपे आणि ऑर्व्हिल, तिघेच. हिवाळ्यात बर्फ उडवणाऱ्या तोफा आम्ही इमारतींभोवती लावल्या, तोंडे जंगलाकडे. थंडी नव्हती, म्हणून बर्फाऐवजी नुसते धुके उडत राहिले. भर दुपारी सूर्य जर्दाळूसारखा दिसत होता. ओल्या उतारावर हरणे येऊन उभी राहिली, त्यांच्यापासून वीस पावलांवर एक अस्वल, आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हते. लिफ्ट आम्ही चालूच ठेवली होती, कारण थांबली तर तारेचा एकच भाग तापत राहतो आणि ती कायमची कामातून जाते. रिकाम्या खुर्च्या धुरात शिरायच्या आणि धुक्यातून परत यायच्या, न्यायला कोणी नाही, आणायला कोणी नाही. मला वाटले, आपण केव्हाच मेलो असू आणि हे पुढचे गाव असेल.

ऑर्व्हिल वरच्या टोकाला लिफ्ट सांभाळत होता. तिथेच त्याचे लाकडी घर होते, एका हाताने बारा वर्षे बांधलेले. त्यावरही एक तोफ होती. मी खाली पंपापाशी. पंपाला पाणी पुरवणाऱ्या तळ्याच्या भिंतीवर एक लाल खूण आहे. तिच्याखालचे पाणी डिसेंबरच्या बर्फाचे, पहिली थंडी पडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असा आमच्या धंद्यातला नेम. पाणी खुणेला टेकले आणि मी वरच्या टोकाकडे जाणाऱ्या नळाचा पंप बंद केला; खालच्या तोफा ओढ्याच्या पाण्यावर चालत होत्या.

वॉकीटॉकीवर त्याने विचारले, "पंडित, माझ्या घरावरचं धुकं बारीक झालं. पाणी संपलं का?"

"संपलं," मी म्हणालो.

"बरं. मग खालचं सांभाळ."

थोड्या वेळाने रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेतून एक भरलेली खुर्ची खाली आली. त्यात ऑर्व्हिल बसला होता, मांडीवर चहाची किटली. स्की-केंद्र वाचले. त्याचे घर गेले.

लुपेने करायचे ते एवढेच. माझ्या मृत्यूचा दाखला हाती यायची वाट न पाहता ती लाल खूण रंगाने पुसून टाकावी.

४. माझे राहते घर, आतल्या शेगडीसह, ऑर्व्हिलला. तो गेली तीन वर्षे मागच्या खोलीत राहतोच आहे. पुढची खोली जास्त उबदार आहे. माझा पलंग वापरल्यास घोरू नये.

५. माझे दहन पहिले बर्फ पडल्यावरच करावे. ऑगस्टमध्ये इथे शेकोटीलाही बंदी असते आणि नियम मोडून जाण्याची मला सवय नाही.

६. नियम मोडायची सवय नाही, हेच माझे दुखणे आहे. पाणी संपले नव्हते. खुणेखाली पुरुषभर पाणी होते. मी विचार करून ठरवले, असेही नाही. खूण दिसली आणि हात थांबला. त्या हिवाळ्यात आभाळानेच इतके बर्फ टाकले, की ते पाणी वसंतापर्यंत तसेच पडून राहिले. मी रोज जाऊन पाहत असे.

मरणाची मला काळजी नाही. काळजी आहे ती ही, की ऑर्व्हिल रोज सकाळी माझ्यासमोर चहा ठेवतो, "होतं तेवढं पाणी दिलंस, पंडित," असे अधूनमधून म्हणतो, आणि मी मान हलवतो. तो हे वाचेल तेव्हा त्याला भांडायला मी नसेन. आत्ता तो आत भांडी घासतो आहे. हाक मारली तर ऐकू जाईल. अजून मारलेली नाही.

सही: त्रि. न. साठ्ये

साक्षीदार, सहीपुरते, मजकूर न वाचता:
विनिफ्रेड ओक्स, टपाल कचेरी
हॉलिस ब्रीम, वाचनालय

हेरन खिंड, दि. ९ ऑगस्ट २०२४. वारा पश्चिमेचा.