राखेने आखलेले घर

आत्याबाई, घर जळालं त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेली नाही, आणि घर बांधलं त्या दिवसांबद्दल मात्र कुणी विचारलं नाही तरी बोलत सुटते. नातवंडं म्हणतात, आजी, ते चिखल तुडवल्याचं सांग. मी सांगते, आणि सांगताना माझा आवाज असा चढतो की हे बाहेरच्या खोलीतून विचारतात, काय झालं? काही झालेलं नसतं. मी फक्त त्या उन्हाळ्यात जाऊन उभी राहिलेली असते, पदर खोचून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, आणि समोर तुम्ही, माझ्या सासूबाई.

आधी आगीचं सांगून टाकते. माझं लग्न होऊन नऊ महिने झाले होते. फेब्रुवारीची दुपार, वारा सुटलेला. मामंजी आणि हे शेतात होते, तुम्ही त्यांची भाकर घेऊन गेला होतात. घरात मी एकटी. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावरही मला केस धुवायला कढत पाणी हवं होतं, म्हणून मी मागच्या आंगणातली पाण्याची चूल पुन्हा पेटवली. हौसच ती. भिंतीला लागून पऱ्हाट्यांचा ढीग होता, वर्षभराच्या सरपणाचा. ठिणगी कधी उडाली ते मला दिसलंच नाही. वाळलेल्या कपाशीच्या काड्या त्या, त्यांना किती वेळ लागतो. पुढच्या खोलीत न विकलेला कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता. गाव धावून आलं, विहिरीपासून घागरींची रांग लागली, पण तासाभरात छत खाली बसलं. गोठा तेवढा वाचला, कारण तो वाऱ्याच्या उलट्या बाजूला होता.

संध्याकाळी सगळे आंगणात जमले तेव्हा शेजारची एक काकू हळू नाही, चांगली मोठ्याने म्हणाली, "नवी सून आली अन् वर्साच्या आत घर गेलं. पायगुन म्हनतेत तो ह्योच." मामंजींनी विचारलं, "चूल कोनं पेटवली होती?" तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "म्या पेटवली होती, शिदोरी घेऊन निंगाच्या आंधी. इझवाची राहून गेली. इचारायचं असंल त मले इचारा." मामंजी पुढचे आठ दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. गोठ्यात बैलांच्या शेजारी आपण चौघं झोपायचो आणि ते तुमच्याकडे पाठ करून पडायचे. मी तुमच्या पाया पडायला आले तर तुम्ही पाय मागे घेतलात. "भल्या मानसावानी झोप आता," एवढंच.

चौथ्या की पाचव्या दिवशी भासरे आले, तुमचा थोरला, वर्ध्याजवळच्या सिंदी मेघ्यातून. नोकरीचा माणूस, व्यवहाराचं बोलले. जागा विकून टाका, सगळे वर्ध्याला चला, शेती ठोक्याने, वर्षाच्या ठरावीक पैशावर, देऊ. मामंजी मान हलवत होते, म्हणजे हो म्हणत होते. मी राखेच्या ढिगाशी बसून रडत होते, कारण मला कळत होतं की हे सगळं माझ्या एका चुलीमुळे चाललंय. तुम्ही उठलात आणि माझ्यावरच डाफरलात. "रडून काऊन राह्यली? रडल्यानं भित उभी राह्यते का? उठ. दोरी धर." दोरीचं एक टोक माझ्या हातात, एक तुमच्या. दुसऱ्या हाताने तुम्ही टोपल्यातली राख सोडत चाललात, सरळ रेघ. "ही वसरी. हा मधला घर. इथं सैपाकघर." भासरे म्हणाले, "माय, काय करून राह्यली तू?" तुम्ही वरही बघितलं नाही. "मिरग लागाच्या आंधी उभं करतो. तुले येनं जमलं त सुट्टी काढून येजो." राखेला काय तोटा होता. सूर्य मावळेपर्यंत जमिनीवर अख्खं घर आखून झालं, आणि आपण दोघी दारातून आत शिरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडलो, रेघ ओलांडायची नाही असं ठरवून. मामंजी गोठ्यातून बघत होते. शेवटी तेही आले, पण भिंतीवरून. तुम्ही म्हणालात, "दारातून या नं." आगीच्या त्या संध्याकाळनंतर तुम्ही त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ते खरंच मागे फिरून दारातून आले.

त्याच दिवशी तुम्ही मला विचारलंत, "तुले काय पाह्यजे या घरात?" मी घाबरले. माहेरी कुणी विचारलं नव्हतं, इथे तर प्रश्नच नव्हता. म्हणाले, "मले काऊन इचारता?" तुम्ही म्हणालात, "मंग कोनाले इचारू? तुले राहाचं हाय इथं." मला चार दिवस लागले. मनात होतं ते बोलता येण्यासारखं नव्हतं. जुन्या घरात आमच्या वाट्याला कापसाच्या खोलीचा कोपरा होता आणि दाराच्या जागी तुमच्या जुन्या लुगड्याचा पडदा. ते कसं सांगणार? मी सांगितलं, चुलीसमोर एक खिडकी पाहिजे. तुम्ही हातातलं खुरपं खाली ठेवलंत. मामंजी म्हणाले, रस्त्यावरची माणसं आत बघतील. "पाहू द्या. तीस वर्सं मी भितीकडे पाहून भाकरी केल्या. आता मानसाईकडे पाहून करीन." खिडकी झाली. आणि सुतार चौकटी करायला बसला तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत त्याला म्हणालात, "मधल्या खोलीले दोन फळ्याचं दार लाव अन् कडी आतून ठेव. नवरा-बायकोले दार पाह्यजे." मामंजी खोकत खोकत उठून गेले, हे विहिरीवर पळाले, आणि मी चिखलात तोंड लपवायला वाकले ते किती वेळ वाकलेलीच होते.

आणि काय ते दिवस होते. सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणजे मिळायचंच नाही, तेव्हा विटा आपणच पाडायच्या ठरल्या. पहाटे उजाडायच्या आधी मी उठलेली असायचे. कुणी उठवावं लागलं नाही. माती, तणस, शेण, पाणी, आणि आपण दोघी एकमेकींचे खांदे धरून तुडवत गोल फिरायचो. एकदा तुमचा पाय सरकला, मला घेऊनच खाली बसलात, आणि मग उठताच येईना, इतकं हसू. पायगुण काढणारी ती काकू रस्त्याने चालली होती. थांबली, बघत राहिली, मग पदर खोचून म्हणाली, "सरका, पानी जास्त झालं तुमचं." त्या दिवसापासून ती रोज यायची. जळालेल्या सागवानी तुळया तासल्या तर आतून पिवळ्याधमक निघाल्या. गवंडी म्हणाला, अजून शंभर वर्षं बघायला नको. भासरे रविवारी सायकल मारत यायचे आणि परांची बांधून तुळयांची दोरी ओढायचे. छपराच्या वेळी घराघरातून छपराचे मातीचे कवेलू टोपल्याटोपल्या आले, कुणाचे काळे, कुणाचे लाल, कुणाचे शेवाळलेले. मी शिडीच्या मधल्या पायरीवर उभी राहून खालून वर एकेक देत होते आणि उन्हातून उतरावंसं वाटत नव्हतं.

मृगाला चार दिवस असताना आपण राहायला गेलो. बायका जमल्या होत्या. नवी चूल सारवून वाळवून ठेवलेली. सगळ्यांना वाटलं, तुम्ही पेटवाल. तुम्ही काडेपेटी माझ्या हातात दिलीत. "तूच पेटव." माझ्या तीन काड्या विझल्या. चौथी तुम्ही आडोसा धरलात तेव्हा लागली.

शहाऐंशी साली तुम्ही गेलात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. तुमची पत्रं मीच वाचून दाखवायचे. म्हणूनच एक सांगायचं राहिलंय. नदीपलीकडचे तुमचे भाऊ आगीनंतर आले नव्हते. नवीन घरात महिना झाला आणि त्यांचं कार्ड आलं. तुम्ही खिडकीसमोर भाकरी थापत होतात. कार्डात बियाण्याचं होतं, एका लग्नाचं होतं, बैलाच्या आजाराचं होतं. घराबद्दल एक अक्षर नव्हतं. तुमचे हात थांबलेले बघून मी वाचलं, "बाई, तू हिमतीनं घर उभं केलं, आयकून लय बरं वाटलं." तुम्ही म्हणालात, "आनखी एक डाव वाच." वाचलं. "आनखी वाच." तिसऱ्यांदा मला माझेच शब्द आठवेनात, मी म्हणाले, "बाई, घर चांगलं बांधलं म्हनते, मले अभिमान वाटते." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग कार्डाकडे, चांगला वेळ.

"बरा लिहिते माहा भाऊ," तुम्ही म्हणालात, आणि भाकर तव्यावर टाकलीत.