बिननावाचं पान

बालाघाट,
२२ ऑगस्ट १९८५

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तुमचं नाव लिहायला हात धजत नाही, तेव्हा 'अहो'वरच भागवून घ्या. पाकिटावरचा पत्ताही बंडूमामांकडून लिहून घेते. मामा हसतात. हसू देत. उखाण्यात एकदा घेतलं तेवढं पुरे.

आता मुद्द्याचं. वारासिवनीच्या राइस मिलचे शेठ तुमच्यासाठी जागा डिसेंबरपर्यंत अडवून ठेवणार आहेत. मामा परत विचारून आले. पगार आठशेच. तुमच्या साडेतेराशेसमोर आठशे ऐकून तुमचं तोंड कडू झालं होतं, ते मी विसरले नाही. म्हणून तर तुमच्याआधी येऊन इथे तीन महिने संसार मांडून बघते आहे. तुम्ही बालाघाट पाहिलेलं नाही, माझ्या डोळ्यांनी बघा.

घर शेवंताबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवा बाईंचं आहे. दोन खोल्या, मागे पडवी, पाण्याला विहीर, आणि भाडं चाळीस रुपये. मुंबईला आपण एका खोलीचे तीनशे पंचवीस भरतो, वर नळासाठी भांडणं. दूध तीन रुपये लिटर, आणि दूध म्हणजे दूध. चिन्नोर तांदूळ शिजला की शेजारच्या घरात वास जातो. दोघांचा सगळा खर्च धरून पाचशे वीसच्या वर जात नाही. मुंबईला महिनाअखेर साठ रुपये उरले तर आपण सिनेमाला जात होतो, इथे दोनशे ऐंशी उरतील. बघा.

सोबतच्या हिशेबातला तांदळाचा आकडा बघून तुम्ही म्हणाल, एकटी बाई महिन्याला अठरा किलो भात खाते? नाही खात. भाडं चाळीसच का, त्याचं उत्तर त्यातच आहे. बाईंचा एकुलता एक मुलगा वसंता एकाहत्तर साली मुंबईला कामासाठी गेला. एकोणीस वर्षांचा होता. दोन पत्रं आली, पुढे काहीच नाही. त्यांच्या घरची रीत अशी की परगावी गेलेल्याचं पान घरी वाढायचं, म्हणजे तो असेल तिथे उपाशी राहत नाही. चौदा वर्षं दिवेलागणीला मागच्या पडवीत वसंताचं पान वाढलं जातंय. आता बाईंचे हात कापतात, म्हणून भाडेकरणीने वाढायचं, ही अट.

"नाव घेऊन हाक मारजो, बाई," असं त्यांनी दोनदा बजावलं. "बिननावाचं पान ज्याले भूक असल त्याचं होते."

मी हो म्हटलं. एवढं भाडं वाचतंय, तर मूठभर भाताने काय बिघडतं? ताट सकाळी रिकामं असतं. मांजर असेल.

जेवण वेळेवर घ्या.

तुमची,
सुनीती

---

बालाघाट,
३ ऑक्टोबर १९८५

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र सोमवारी मिळालं. इथे पाऊस उघडला आहे, धानाला लोंब्या आल्या आहेत. मामींनी आग्रह करून एक लुगडं दिलं.

मांजराचं लिहिलं होतं ते मागे घेते. मांजर ताट विहिरीवर नेऊन घासत नाही आणि पालथं घालत नाही. शेवंताबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माह्या वसंताले लहानपणापासून सवय हाय. जेवलं का ताट घासून ठेवते." बाई स्वतःच करत असतील असं मनात आलं होतं. पण त्यांना काठीशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, आणि दिवेलागणीपासून झोपेपर्यंत त्या माझ्यासमोरच बसलेल्या असतात. पितृपक्ष चालू आहे, घरोघरी पानं वाढली जातायत, पण त्यांच्यापुढे तो शब्द काढायची सोय नाही. त्यांचा मुलगा परगावी गेलाय, बस.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "तुहा नवराही तं मुंबईलेच हाय. त्याचं पान काहून नाही वाढत? त्यानं काहून उपाशी राहावं?"

मला पटलं. खरं सांगू, बरं वाटलं. तेव्हापासून दोन पानं वाढते. एकापाशी "वसंता, जेवायला ये" म्हणते, दुसऱ्यापाशी "अहो, जेवायला या". आणखी काय म्हणणार? सकाळी दोन्ही ताटं घासलेली असतात, एकात एक ठेवलेली. तांदूळ सव्वीस किलोवर गेला आहे. तरी परवडतं.

तुम्ही लिहिता की खानावळीत दोन ताटं जेवूनही पोट भरत नाही, मालक जास्तीच्या पोळ्यांचे पैसे लावतो, सगळे सदरे ढिले झाले. हे कधीपासून, ते लिहिलं नाहीत. लिहा. डॉक्टरला दाखवा, पैशाकडे बघू नका.

आणि शेवटच्या ओळीत विचारलंत, मागच्या पेरूला अजून झोपाळा बांधलेला आहे का? इथे पेरू नाही. मी तसं कधी लिहिल्याचंही आठवत नाही. दुसऱ्या कोणाच्या घराशी गल्लत झाली असेल.

शेठना काय कळवू? मामा विचारत होते.

तुमची,
सुनीती

---

बालाघाट,
१९ नोव्हेंबर १९८५

या पत्राला मायना घातलेला नाही. का, ते शेवटी कळेल. सावकाश वाचा आणि एकटे असताना वाचा.

तुमचं पत्र दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आलं. राजीनामा दिला, २८ तारखेला गुरुवारी संध्याकाळी गोंदियाहून छोट्या गाडीने येतो, भूक आता शांत झाली आहे, असं त्यात आहे. अक्षर तुमचंच आहे. तीन महिने ज्या उत्तरासाठी मी आकडे जुळवत होते, ते आलं आणि मी पत्र हातातून खाली टाकलं. खाली लिहिलंय, 'स्टेशनवर येऊ नकोस. घर मला माहीत आहे. विहिरीच्या बाजूने येईन.'

तुम्ही बालाघाटला कधी आला नाहीत. विहीर कोणत्या बाजूला आहे हे मी लिहिलेलं नाही.

पेरूचं मी मागच्या पत्रात उडवून लावलं. पण त्याच दिवशी शेवंताबाईंना विचारलं होतं. त्या हसल्या. "होता न. वसंतानं झुला बांधला होता त्याले. तो गेल्यावर तीन साल झाले अन मी झाड तोडलं." मी तेव्हाच थांबायला हवं होतं. थांबले नाही.

का थांबले नाही, ते सांगायची लाज वाटते. पडवीचं दार मी लावून घेते, पण दाराला लागूनच बसते. पलीकडून जेवणाचा आवाज येतो. भुरका, पाण्याचा घोट. ऑक्टोबरमध्ये मी दारातून विचारायला लागले, भात वाढू का, आमटी खारट तर नाही झाली? ताट पुढे सरकवल्याचा आवाज येतो. तुम्ही नऊ वर्षं रात्री नऊला घरी आलात आणि पेपर वाचत जेवलात. माझ्या हातचं कोणी इतकं मन लावून जेवत नव्हतं. मला ते आवडलं. मी त्याला तुम्हीच समजत होते, निदान तसं स्वतःला सांगत होते.

शनिवारी मी भाडं द्यायला गेले तर बाईंनी नोटा परत केल्या. नवा सदरा आणून ठेवलाय, दारावर तोरण आहे. म्हणाल्या, "सुनेकडून का भाडं घेऊ मी?"

मी म्हटलं, गुरुवारी येणार ते माझे यजमान आहेत.

"तू त्याचं नाव घेतलं होतं का?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, मायेनेच. "मी तं सांगितलं होतं तुले. या पडवीत एकच नाव घेतलं गेलं, माह्या पोराचं. दोन्ही पानं त्यालेच गेले. आता त्याच्या अंगात ताकद आली, तो येऊन राह्यला. तू काहून रडतं?"

म्हणजे तुमचा घास मी दुसऱ्याला भरवला. मर्यादा पाळायची म्हणून. ज्या दिवशी पहिल्यांदा 'अहो' म्हणून पान वाढलं, त्याच आठवड्यात तुमचं पोट भरेनासं झालं असणार, हे तुमच्या पत्रावरून मी तेव्हाच ताडलं होतं. तारीख मी विचारली ती माझा संशय खोटा निघावा म्हणून. तुम्ही उत्तर दिलं नाहीत आणि मी सुटल्यासारखी झाले. मला क्षमा करा.

घरखर्च आता पाचशे वीसमधून चाळीस वजा जाता चारशे ऐंशी. असा हिशेब आपण कधी स्वप्नातही धरला नव्हता. मला त्याची भीती वाटते. मुंबईलाच राहा असं लिहायला घेतलं होतं, पण तिथे तुम्ही उपाशी मराल. यायला हवंच. फक्त तुम्हीच यायला हवं.

शनिवारपासून मी तुमचं पान नाव घेऊन वाढते. पहिल्या दिवशी जीभ वळेना, बाई दारात उभ्या होत्या. तरी घेतलं, मोठ्याने, शेजारी ऐकतील असं. दुसऱ्या दिवशी सकाळी पान जसंच्या तसं होतं, भाताला मुंग्या लागलेल्या. रविवारीही तसंच. ते पान टाकताना मी विहिरीपाशी बसून रडले. आज सकाळी बघितलं तर ताटाच्या कडेचा भात उचललेला होता. जास्त नाही, एक घास. ताट घासलेलं नव्हतं. तुम्ही कधी ताट घासत नाही. मला इतका आनंद झाला की उष्टं ताट मी पदराने पुसलं.

काल संध्याकाळी तुम्हाला थोडं बरं वाटलं का? आठवून बघा.

गुरुवारी मी स्टेशनवर येणार, तुम्ही नको म्हणालात तरी. मामांना बरोबर घेत नाही. गाडी थांबली की मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुमच्या नावाने हाका मारत जाईन, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. जो वळून बघेल त्याचं सामान मी उचलीन आणि त्याला घेऊन सरळ मामांकडे जाईन, दुसऱ्या दिवसापासून आठशे रुपयांत संसार करीन. जो न वळता विहिरीच्या वाटेला लागेल, त्याला मी अडवणार नाही. त्याची आई वाट बघते आहे आणि पडवीत त्याच्या नावाचं पान आहे.

या पाकिटावरचा पत्ता मी स्वतः लिहिला आहे. हे पत्र दुसऱ्या कोणी वाचायचं नाही.

गुणाकर, वळून बघा.

तुमचीच,
सुनीती